नात्याचा रकाना

मंडईच्या दिवशी लांजेवारांच्या चुलीवरचं आधण दुपार टळेपर्यंत उतरत नसे. यंदा तर उषाबाईंनी सकाळी सातालाच अंगणात दुसरी चूल मांडली होती. दिवाळी सरली, हलका धान घरात आला, की या भागातलं एकेक गाव मंडईच्या जत्रेसाठी आपापला दिवस धरतं, आणि त्या दिवशी त्या गावच्या घरांना दार असून नसल्यासारखं. कोण आलं, कोण जेवून गेलं, याची मोजदाद करत बसणारा माणूस दिघोरीत अजून जन्मायचा आहे. पण उषाबाईंची यंदाची घाई पाव्हण्यांसाठी नव्हती. त्यांना यंदा मिरवायचं होतं, आणि तसं कोणी तोंडावर म्हटलं असतं तर त्यांनी नाकारलंही नसतं.

मिरवायचं होतं ते लेकीला. गृहविज्ञानाची पदवी घेतल्यावर कामिनीने बँकेच्या परीक्षा द्याव्यात, असं साऱ्या घराचं मत होतं. पोरीने मात्र पुण्याच्या एका संस्थेचा समग्र आहारशास्त्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम धरला. आता खायलाही शिकवणी लागते का, म्हणून भाऊबंदांनी पोटभर हसून घेतलं. हसणाऱ्यांचं काय जातं? पोरगी पहाटे उठून शरीराची हाडं-आतडी पाठ करत होती, रक्ताचे रिपोर्ट वाचायला शिकत होती, माणसाची झोप, काम, काळजी हे सगळं त्याच्या ताटाला कसं चिकटलेलं असतं ते समजून घेत होती. आपली हद्द कुठे संपते आणि डॉक्टरची कुठे सुरू होते, खरं काय सांगावं आणि काय लिहावं, याचा शंभर मार्कांचा एक वेगळा पेपर होता. त्यात तिला एक्क्याण्णव मिळाले. उषाबाईंना त्या पेपराचं नाव काही केल्या नीट घेता यायचं नाही, पण मार्क झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगितले असते.

राहिलं होतं ते शेवटचं काम. दहा माणसं घ्यायची, प्रत्येकाचा आहार सहा महिने सांभाळायचा, आणि नागपूरच्या मोनिका मॅडमच्या देखरेखीखाली प्रत्येकाची वही लिहायची. तेही कामिनीने पार पाडलं होतं. साकोलीच्या एका डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात एक डिसेंबरपासून तिच्यासाठी खोली ठेवली होती. प्रमाणपत्र घेऊन ये आणि बस, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि नेमकं मंडईच्या सकाळी नऊ वाजता कामिनीच्या मोबाईलवर संस्थेचं पत्र येऊन पडलं. ती ओट्यावर पातोडीचं बेसन भिजवत होती. तिने हात धुऊन पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खाली बसली. उषाबाई चूल सोडून तिच्याकडे आल्या. आई म्हणजे पत्र न वाचता मजकूर ओळखणारी बाई.

दहापैकी आठ माणसं संस्थेने रद्द केली होती.

कारण ऐकून आधी सगळे हसलेच. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर एक रकाना होता, ‘तुमचं या व्यक्तीशी नातं’. त्यात कामिनीने जे होतं ते लिहिलं होतं. शेजारच्या राधाबाई ही मोठी आई. तलावावर जाळं टाकणारा मंगरू हा आजोबा. किराणावाले आनंदराव हे मामा, आणि त्यांची सून गुड्डी ही वहिनी. गावात मोठ्या माणसाला नाव घेऊन हाक मारण्याची रीत नाही, आणि ज्यांना जन्मभर मोठी आई म्हटलं त्यांना कागदावर दुसरं काय म्हणायचं, हा प्रश्न कामिनीला पडलाच नव्हता. पुण्याच्या लोकांनी तो रकाना वाचला आणि पोरीने सगळं गोतावळ्यातच उरकलं असं धरलं. शिल्लक राहिले दोघे, शाळेतले बीडचे मास्तर आणि बँकेतल्या मॅडम. कारण ते बाहेरगावचे, म्हणून त्यांच्या रकान्यात ‘ओळख’ असं लिहिलेलं होतं.

कामिनीचा थोरला भाऊ भुपेंद्र ट्रॅक्टर पुसत होता, तो फडकं घेऊनच आत आला. “दोन वर्षं शिकली,” तो म्हणाला, “अन् फॉर्म भरता नाही आला तुले?”

“नियम वाचला होता मी,” कामिनी म्हणाली. “घरातल्या माणसावर करू नका, असं होतं. घरातलं म्हणजे एका चुलीवरचं, असं धरलं मी.”

या उत्तरात उषाबाईंना काही चूक दिसली नाही. घर म्हणजे चूल, आणखी काय असतं? पण संस्थेच्या हिशेबी घर म्हणजे रक्ताचं आणि लग्नाचं नातं. कामिनीने लगेच मोनिका मॅडमना फोन लावला. मॅडम भल्या बाई. त्यांनी चार ठिकाणी विचारून वाट काढली. आठही जणांनी, आपलं कामिनीशी रक्ताचं किंवा लग्नाचं कोणतंही नातं नाही, असं सहीनिशी लिहून द्यावं. मॅडमनी कागदाचा नमुनाही धाडला, त्यातही नात्याचा रकाना होताच. उद्या सोमवारी दुपारपर्यंत कागद पोचले तर याच तुकडीत प्रमाणपत्र, नाहीतर पुढची तुकडी मे महिन्यात.

मंडई असल्यामुळे माणसं शोधत फिरायची गरज नव्हती, सगळी गावातच होती. उषाबाई पदर खोचून स्वतः निघाल्या आणि तासाभरात सातजणांना अंगणात आणून बसवलं. आठव्याकडे त्या गेल्या नाहीत. तो आठवा कोण, हे घरात फक्त त्यांना आणि कामिनीला ठाऊक होतं.

सोपं वाटलेलं काम पहिल्याच कागदावर अडलं. राधाबाईंनी कागद भुपेंद्रकडून मोठ्याने वाचून घेतला आणि पेन खाली ठेवलं. साठीच्या बाई, कधी कोणावर आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “तू जन्मली तवा तुही माय तापानं फणफणत होती. माहा श्याम पदराखाली होता. तेरा दिवस तुले मी पाजलं. अन् आता लिहून देऊ का, का मी तुही कोनी नाही?”

अंगणातले बाकीचे सहाही जण हातातल्या पेनांकडे पाहू लागले. मंगरू म्हणाला, राधाबाई लिहिणार नसतील तर आपणही लिहिणार नाही, सही करून माणूस तोडायचं पाप कोण घेईल. आनंदरावांनी मान हलवली.  त्या तेरा दिवसांची फेड अशी सही मागून करायची, हे उषाबाईंच्याही जिवावर आलं होतं.

कामिनी राधाबाईंच्या समोर जमिनीवर बसली. “मोठी आई,” ती म्हणाली, “हा कागद तुह्यासाठी नाहीच. उद्या एखादा अनोळखी माणूस माह्यासमोर येऊन बसन. त्याले काय मालूम मी कोण? घरच्यांनी पोरीची तारीफ केली तर ती कोणी मोजते का? परक्या माणसानं सांगतलं का हिच्यानं मले फरक पडला, तरच तो भरोसा ठेवन. तुह्या गुडघ्याची सूज उतरली, ते मी तुही लेक म्हणून नाही उतरली. मी शिकली म्हणून उतरली. तेवढंच लिहून दे.”

राधाबाईंनी कागद पुन्हा जवळ ओढला. मग त्यांनी पेन उचललं. “एका कागदानं मोडन,” त्या म्हणाल्या, “तर ते नातं पहिलेपासून कच्चंच होतं म्हना.” प्रौढांच्या वर्गात गिरवलेली सही त्यांनी एकेक अक्षर लावत केली. सही झाल्यावर त्या उठल्या आणि पाव्हण्यांच्या पंगतीत पहिल्या पाटावर जाऊन बसल्या. आता आपण परक्या झालो, तेव्हा आधी आपल्याला वाढा, असं त्यांनी उषाबाईंना बजावलं. सगळं अंगण हसलं, आणि उरलेल्या सहा सह्या पाच मिनिटांत झाल्या.

लेक बोलली कशी, हेच उषाबाईंच्या कानात घुमत होतं. चार वर्षांपूर्वी हीच पोरगी पाव्हण्यांपुढे पाण्याचा पेला ठेवून आत पळायची. आज सात थोर माणसांना तिने आवाज न चढवता समजावलं आणि कोणाचा मानही कमी होऊ दिला नाही.  हे सर्टिफिकेट-बिर्टिफिकेट उद्या येईल तेव्हा येईल, पोरगी आजच पास झाली, असं उषाबाईंच्या मनाने घेतलं.

तेवढ्यात भुपेंद्रने सह्या मोजल्या. “सात अन् दोन नऊ,” तो म्हणाला. “दहावं कोण गा?” आणि उत्तराची वाट न पाहता त्याने यादी वाचली. “चंद्रकुमार बाबूलाल लांजेवार.”

ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या कामिनीच्या बापाचा, यादोरावांचा हात थांबला.

चंद्रकुमार म्हणजे यादोरावांचा पाठचा सख्खा भाऊ. अकरा वर्षांपूर्वीच्या वाटणीत बोडी, म्हणजे शेतातलं पाणी साठवायचं लहान तळं, थोरल्याकडे गेली. त्या दिवशी चंद्रकुमारांनी चार पंचांसमोर सांगितलं होतं की आजपासून माझा या घराशी संबंध नाही. माणसं रागात असं बोलतात आणि दिवाळीपर्यंत विसरतात. चंद्रकुमार विसरले नाहीत. गावात कोणी यादोरावांचा भाऊ म्हणून ओळख करून दिली, तर ते आपण वेगळे लांजेवार म्हणून सांगत. यादोरावही काही कमी नव्हते. दोघांची घरं एका गल्लीत, पण एकमेकांचा उंबरा दोघांनीही ओलांडला नव्हता. तीन वर्षांपूर्वी चंद्रकुमारांची बायको गेली, तेव्हा यादोराव स्मशानात आले आणि लांबूनच परत फिरले.

“तुले मालूम होतं?” यादोरावांनी बायकोला विचारलं.

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. “मीच धाडली तिले,” उषाबाई म्हणाल्या.

एप्रिल महिन्यात त्यांनी दिराला तलावाच्या पाळीवर लंगडत चालताना पाहिलं होतं. पायाला जखम, महिना झाला तरी भरत नव्हती. एकटा माणूस, दोन वेळा भात शिजवायचा आणि मिठाशी खायचा. उषाबाईंनी कामिनीला सांगितलं आणि दिवसाढवळ्या पाठवलं, चोरून नाही, फक्त यादोरावांना सांगितलं नाही. कामिनीने आधी काकांना लाखांदूरच्या डॉक्टरकडे नेलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर, सहाच्या आत हवी ती, अकरा निघाली होती. गोळी डॉक्टरची, ताट आपलं, हा तिचा नेम. गोळ्या सुरू ठेवून तिने काकांचं ताट हळूहळू बदललं. भात निम्मा, लाखोरीची डाळ, जवसाची चटणी, तलावातले मासे, आणि जेवणाची वेळ ठरलेली. आता शुगर सातच्या घरात होती आणि जखम भरली होती. दहा वह्यांत सगळ्यात चांगली वही काकांचीच, असं मोनिका मॅडमसुद्धा म्हणाल्या होत्या.

यादोरावांनी हे सगळं ऐकून घेतलं. ते भडकतील असंच जो तो धरून बसला होता, पण ते भडकले नाहीत. आडकित्ता खाली ठेवून ते अंगणाकडे पाहत राहिले.

नाकाडोंगरीची आत्या, म्हणजे या दोघा भावांची एकुलती बहीण, मंडईला कालच आली होती. इतकी वर्षं तिने छुपेपणाने धाकट्याची बाजू धरली होती आणि उघडपणे थोरल्याकडे मुक्काम केला होता. तिने यातून मार्ग काढला. “लिहून देईन ना तो,” ती म्हणाली. “अकरा साल झाले तोंडानं हेच म्हनते. आता कागदावर म्हनन.”

भुपेंद्रला ते पटलं. एकाच आडनावाची अर्धी गल्ली आहे, पुण्याला कोणाला काय कळणार, असं त्याचं म्हणणं. यादोरावही कोरड्या आवाजात म्हणाले, “लिहू द्या. त्याले कायची अडचन आहे?” बाप, भाऊ, आत्या, तिघंही एका बाजूला. घरात असं एकमत क्वचित व्हायचं.

आणि खरं सांगायचं तर उषाबाईही त्याच बाजूला होत्या. साकोलीची खोली त्यांनी मनातल्या मनात कितीदा तरी झाडून घेतली होती. दारावरची पाटीसुद्धा त्यांना दिसत होती. “एका ओळीचा तर प्रश्न आहे,” त्या लेकीला म्हणाल्या.

“मग त्या एक्क्याण्णव मार्कांचं काय करू, आई?” कामिनी म्हणाली.

 इतकी लाज उषाबाईंना बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

पण गावात बातमीला पाय नसतात, पंख असतात. सही करून गेलेल्या मंगरूने पानठेल्यावर सगळं सांगितलं, आणि दोन वाजायच्या सुमाराला चंद्रकुमार स्वतःच फाटकाशी येऊन उभे राहिले. धुतलेला शर्ट, खिशाला पेन. फाटकाच्या बाहेरच उभे. पंगतीतले हात ताटातच थांबले.

“वयनी,” ते उषाबाईंना म्हणाले, “पोरीचा कागद आना इतंच. सही करून जातो.”

कामिनी कागद घेऊन फाटकाशी गेली. उषाबाई तिच्या मागे. काका बाहेर, पुतणी आत, मध्ये लोखंडी फाटक. संबंध नाही एवढंच लिहायचं ना, ते आपल्याला पाठ आहे, असं म्हणत चंद्रकुमारांनी पेनाचं टोपण काढलं.

“काका, खरं असन ते लिहा,” कामिनी म्हणाली.

“खरं लिहिलं तर तुहं अडते म्हने.”

“अडन. मे महिन्यात परत तुकडी आहे. एक नवा माणूस घ्यावा लागन, सहा महिने.”

“अन् ते साकोलीचं?”

 कामिनी कागदाचा कोपरा उगाच सरळ करू लागली, ते उषाबाईंनी पाहिलं, आणि कदाचित चंद्रकुमारांनीही. ते तिच्या हातातला कागद घेऊन फाटकाच्या पट्टीवर टेकवू लागले. पट्टी अरुंद, कागद घसरत होता.

“अकरा साल झाले खोटं बोलून राहिलो, पोरी,” ते म्हणाले. “तुह्यासाठी आखीन एक डाव बोलतो. त्यात काय.”

आवाज मोठा नव्हता, पण अंगण इतकं गप्प होतं की ओसरीपर्यंत ऐकू गेलं. यादोराव उठले. उषाबाईंना वाटलं, आता हे आत खोलीत जाऊन कडी लावणार. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं पुढचं पाऊल त्यांनी फार वेळा बरोबर ओळखलं होतं. या वेळी चुकलं. यादोराव अंगण ओलांडून फाटकाशी आले, कडी त्यांनी स्वतः काढली.

“चंदू,” ते म्हणाले, “तिथं टेकवाले काही नाही. आत बसून लिही.”

चंद्रकुमार क्षणभर भावाकडे पाहत उभे राहिले. मग चपला काढून आत आले. यादोरावांनी ओसरीवरचं सुपारीचं ताट बाजूला सारलं आणि जागा केली. चंद्रकुमारांनी कागद मांडीवर घेतला. आधी पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. मग नात्याच्या रकान्याशी थांबले. यादोराव शेजारी बसून समोर बघत होते, कागदाकडे बघत नव्हते. चंद्रकुमारांनी लिहिलं, ‘सख्खा काका’. खाली सही केली आणि कागद पुतणीच्या हातात दिला.

आत्या पदराने तोंड झाकून रडायला लागली. उषाबाईही रडल्या, आणि का रडतोय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. लेकीचे सहा महिने गेले म्हणून वाईट वाटत होतं. आणि ते गेले ते पोरीने स्वतःहून घालवले, घरातल्या चार मोठ्यांचं न ऐकता घालवले, याचा अभिमान त्या वाईट वाटण्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

कामिनीने दहाव्या नावावर रेघ ओढली आणि आत जाऊन मॅडमना कळवलं की नऊच आहेत. नंतर साकोलीला फोन केला. डॉक्टर म्हणाले, तोपर्यंत खोली रिकामी ठेवणं त्यांना जमणार नाही, मे महिन्यात बघू. तिने ते तसंच आईला सांगितलं, एक पेलाभर पाणी प्यायली, आणि वाढपी बाईच्या हातून भाताचं पातेलं घेतलं. काकांच्या ताटात तिने आधी भाजी आणि डाळ वाढली, मग मोजून एक डाव भात. यादोरावांनी आपलंही ताट तिच्यापुढे सरकवलं आणि मलाही तेवढाच वाढ म्हणाले. भाताच्या ढिगाशिवाय जेवण न मानणारा हा माणूस. उषाबाईंनी ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.

चारच्या सुमाराला आंबागडचे पाव्हणे आले. धर्मेंद्रराव, भुपेंद्रचे सासरे. माणूस मोठ्या आवाजाचा आणि चौकस. हातपाय धुऊन पाटावर बसताच त्यांनी विचारलं, कामिनीचं झालं का नाही ते सर्टिफिकेट? दोन वर्षांपासून ऐकून राहिलो म्हणाले.

सगळी ओसरी यादोरावांकडे पाहू लागली. दोन वर्षं हाच बाप पारावर, सोसायटीत, धानाच्या काट्यावर ज्याला त्याला पोरीचं सांगत सुटला होता. ऐकणारे कंटाळले, पण हा थांबला नव्हता. आता काय सांगणार? उषाबाई मदतीला धावल्या, पण त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आत यादोरावांनी बाजूला बसलेल्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

“नाही झालं,” ते अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “दहा मानसं परके लागत होते. एक घरचा निघाला.”